बकम सिंगने घरी काय लिहिलं असेल?

पहिल्या महायुद्धात आघाडीवरच्या सैनिकांना एक छापील कार्ड मिळायचं. त्यावर लिहायचं काही नसे, फक्त खोडायचं असे. ‘मी अगदी बरा आहे.’ ‘मला इस्पितळात दाखल केलं आहे.’ ‘तुमचं पत्र मिळालं.’ ‘बऱ्याच दिवसांत तुमचं पत्र आलेलं नाही.’ अशी वाक्यं एकाखाली एक छापलेली. आपल्याला लागू नसतील ती काट मारून टाकायची, खाली सही करायची, तारीख घालायची. यापेक्षा एक अक्षर जरी जास्त लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी ताकीद वरच्या बाजूला. अशी लाखो कार्डं खंदकांतून घरोघरी गेली. कुठे आहे, काय खातो, रात्री झोप लागते का, शेजारचा सोबती काल जिवंत होता तो आज आहे का, यातलं काही नाही. आईच्या हाती पडायची ती एक सही आणि खोडायचं राहिलेलं एक वाक्य.

हे कार्ड मला फार खरं वाटतं. परदेशातून आई-वडिलांना लिहिणारा मुलगा, युद्ध असो वा नसो, थोडाफार याच रीतीने लिहितो. मनात दहा वाक्यं असतात, त्यातली नऊ तो स्वतःच खोडतो.

मी कॅनडात, ओंटारियो प्रांतातल्या किचनर शहरात राहतो. इथल्या माउंट होप दफनभूमीत एका शीख सैनिकाची कबर आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या कॅनेडियन शीख सैनिकाची या देशातली माहीत असलेली ही एकच कबर. दर नोव्हेंबरात शीख मंडळी तिथे जमतात, अरदास ही शीख प्रार्थना होते, लष्करी गणवेशातली तरुण मुलं-मुली सलामी देतात. दगड साधा, इतर सैनिकांच्या कबरींसारखाच. नाव बकम सिंग.

त्याचा जन्म ५ डिसेंबर १८९३ चा, होशियारपूर जिल्ह्यातल्या माहिलपूरचा. दहाव्या वर्षी, १९०३ मध्ये, त्याचं लग्न झालं. मुलगी जमशेर गावची, नाव प्रीतम कौर. चौदाव्या वर्षी, १९०७ मध्ये, तो एकटा ब्रिटिश कोलंबियात उतरला. पुढे १९१२-१३ च्या सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, टोरांटोकडे आला आणि रोझबँक नावाच्या गावी एका शेतावर गडी म्हणून राबू लागला. १९१५ च्या वसंतात कॅनडाच्या फौजेत भरती झाला. अशा भरती झालेल्या शिखांची संख्या जेमतेम दहा. विसाव्या बटालियनमधून तो बेल्जियममधल्या फ्लँडर्सला लढला, १९१६ च्या उन्हाळ्यात दोनदा जखमी झाला. त्याच्यावर उपचार झाले त्या इस्पितळाचे एक प्रमुख डॉक्टर म्हणजे कर्नल जॉन मॅक्रे. खसखशीच्या लाल फुलांवरच्या ज्या कवितेमुळे आजही कॅनडाभर नोव्हेंबरात लोक छातीवर लाल फूल लावतात, तिचे कवी हेच. ते आमच्या शेजारच्या ग्वेल्फ गावचे. इंग्लंडमध्ये बरा होत असताना बकमला क्षयाने गाठलं. कॅनडात परत आणल्यावर किचनरच्या फ्रीपोर्ट इस्पितळात त्याचे शेवटचे दिवस गेले.

हे सगळं आपल्याला कळलं ते एका पदकामुळे. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धपदकांच्या कडेवर सैनिकाचं नाव आणि क्रमांक कोरलेला असे. संदीप सिंग ब्रार यांना २००७ साली इंग्लंडमध्ये असं एक विजयपदक मिळालं. कडेवर शीख नाव आणि पलटण मात्र कॅनडाची. तो धागा धरून ते सरकारी दप्तरापर्यंत गेले, तिथून कबरीपर्यंत आले. त्याआधी जवळजवळ ९० वर्षं त्या दगडापाशी कुणी जमत नव्हतं.

दप्तर म्हणजे भरतीचे, पगाराचे, वैद्यकीय तपासणीचे कागद. कॅनडाच्या भरतीच्या अर्जावर नाव, जन्मगाव, जवळचा नातलग, धंदा, उंची, छातीचं माप, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा असं सगळं विचारलेलं असे. धर्मासाठी ठरावीक रकाने: चर्च ऑफ इंग्लंड, प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट, रोमन कॅथलिक, ज्यू आणि शेवटी ‘इतर’. शीख माणसाची जागा त्या शेवटच्या ओळीत. एका माणसाबद्दल कागदावर इतकं लिहिलेलं आहे आणि ते सगळं दुसऱ्याच्या हातचं. जखम कुठे झाली ते कळतं. दुखलं किती, ते त्याने कुणाला सांगितलं, ते नाही कळत.

म्हणून मी गेले काही हिवाळे दुसऱ्यांची पत्रं वाचतो आहे. त्याच युद्धातली, त्याच वयाच्या मुलांची, शेतातून उठून गेलेल्यांची. बकम सिंगने माहिलपूरला काय लिहिलं असेल याचा अंदाज यायचा तर त्यांच्याच शब्दांतून येईल, असं मला वाटतं.

आधी ज्यांची पत्रं मुबलक आहेत त्यांच्याबद्दल. कॅनडाची पहिली तुकडी १९१४ मध्ये निघाली तेव्हा तिच्यातले निम्म्याहून अधिक लोक कॅनडात जन्मलेले नव्हतेच. इंग्लंड-स्कॉटलंडहून नशीब काढायला आलेली तरुण पोरं होती ती. सरकार १० डॉलर फी घेऊन १६० एकर जमीन नावावर करायचं, अट एवढीच की ती नांगरून, घर बांधून तिथे राहायचं. विशीतली मुलं सस्कॅचेवानच्या माळावर गवताच्या ढेकळांची घरं बांधून एकटी राहिली आणि युद्ध पेटताच भरती झाली. त्यांनी आई-वडिलांना लिहिलेली पत्रं आज हजारोंनी वाचायला मिळतात. व्हँकूवर आयलंडवरच्या विद्यापीठाने २००० सालापासून लोकांच्या माळ्यांवरच्या पेट्यांतली अशी पत्रं गोळा करून जालावर ठेवली आहेत. मोजे पाठवा, केक पोचला पण चुरा झाला होता, उवांनी हैराण केलंय, चिखल गुडघ्यापर्यंत आहे, वडिलांची कंबर कशी आहे. ती वाचताना सारखं जाणवतं की या मुलांसाठी युद्ध म्हणजे घराच्या जवळ येणं होतं. माळावरून आईला भेटायचं तर महासागर ओलांडायला हवा, आणि फ्रान्सच्या खंदकातून रजा मिळाली की आई एका खाडीपलीकडे. कित्येकांनी वर्षानुवर्षांनी आईच्या हातचं जेवण खाल्लं ते फौजेच्या रजेमुळे. बकम सिंगही इंग्लंडला गेला. तिथल्या इस्पितळात पडून होता. त्याचं घर तिथून हजारो मैलांवर होतं.

आता दुसरी पत्रं. फ्रान्समध्ये १९१४ च्या सप्टेंबरात हिंदी, म्हणजे हिंदुस्थानची, फौज उतरली आणि पुढे तिथे हिंदुस्थानातून एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली बरीचशी पंजाबची, बहुतेक सगळी शेतकऱ्यांची मुलं. १९१५ च्या सुरुवातीला ती आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं घरी पाठवत होती. सरकारला धास्ती होती. इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदर पक्षाची पत्रकं फौजेत पोचतील, सैनिकांची मनं फिरतील, खंदकातलं दुःख गावात पोचून भरती थांबेल. म्हणून बुलोन शहरात खास हिंदी टपालासाठी एक तपासणी कचेरी उघडली गेली. एव्हलिन हॉवेल नावाचा एक मुलकी अधिकारी तिचा प्रमुख. त्याचे लोक पत्रं फोडायचे, वाचायचे, त्यातली शंभरेक निवडून इंग्रजीत उतरवायचे आणि दर आठवड्याच्या अहवालाला जोडायचे. बहुतेक पत्रं पुढे पाठवून दिली जात. अगदी थोडी रोखली जात.

यातून एक विलक्षण गोष्ट घडली. मूळ पत्रं गावी पोचली, वाचली गेली आणि काळाच्या ओघात संपली. पाऊस, वाळवी, फाळणी, घरांची पडझड. मागे राहिले ते तपासनिसाचे इंग्रजी उतारे, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. ज्या पंजाबी शेतकऱ्याला सही करता येत नव्हती, त्याचं मन आज आपल्याला वाचता येतं ते सरकारने त्याच्यावर पाळत ठेवली म्हणून. मी याबद्दल पुष्कळ वेळा विचार केला आहे आणि त्या कचेरीबद्दलचा माझा राग व कृतज्ञता यांची मला आजतागायत नीट विभागणी करता आलेली नाही.

ती पत्रं कशी लिहिली जात, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला सांगावं लागलं नसतं. लिहिता येणारा पलटणीत एखादाच. बाकीचे त्याच्याभोवती बसून सांगायचे. गावातही वाचणारा एखादाच, आणि पत्र सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं जायचं. त्यामुळे दोन्ही टोकांना माणसं होती. एकांतातलं पत्र नव्हतंच ते. मग अर्धा कागद नमस्कारांत जाणं ओघानेच आलं. काकांना, मोठ्या भावाला, शेजाऱ्याला, नाव घेऊन घेऊन. आपल्याकडे तीर्थरूपांस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी, वडीलधाऱ्यांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद, ही सगळी वाक्यं ज्यांनी लहानपणी आजीला वाचून दाखवली असतील त्यांना ती पत्रं ओळखीची वाटतील. कुणाला हा मजकूर पोकळ वाटतो. मला तसं वाटत नाही. ज्याला मेलेल्या सोबत्याशेजारी बसून आईला पत्र सांगायचंय, त्याला ती ठरलेली वाक्यं किती आधार देत असतील! नाव घेऊन नमस्कार सांगताना तो तेवढा वेळ गावात असतो.

नमस्कारांच्या पुढे शेती येते. पाऊस झाला का. गहू किती झाला. म्हैस व्यायली का. गहाण जमीन सोडवली का, त्या भावकीच्या दाव्याचं काय झालं, बहिणीचं लग्न कधी काढताय. फ्रान्सबद्दल लिहितात तेव्हाही शेतकऱ्याच्याच डोळ्यांनी. बायका नांगर धरतात, यंत्राने कापणी होते, जमीन काळी आहे, म्हाताऱ्या बाईची मुलं आघाडीवर आहेत आणि ती आम्हाला आईच्या मायेने वागवते. यातल्या कित्येकांनी घरी कळवलं की मुलींना शाळेत घाला, आपण इथे पाहिलं ते वेगळंच आहे. तोफांच्या आवाजात बसून पंजाबातल्या खेड्यात मुलीच्या शाळेची आठवण करणारा शिपाई ही मला त्या युद्धातली फार मोठी गोष्ट वाटते, कुठल्याही चढाईइतकीच.

आणि युद्ध? ते येतं, पण वळसा घेऊन. एका पत्रात हिंदुस्थानातून आलेली काळी मिरी संपत आल्याचं लिहिलंय, आणखी मागवावी लागेल, नाहीतर तांबडी मिरची फारशी उरायची नाही. काळी मिरी म्हणजे आपले लोक, तांबडी मिरची म्हणजे गोरे. तपासनिसाला ते कळत होतं, तरी त्याने पत्र उतरवून घेतलं. जखमी होऊन इंग्लंडच्या इस्पितळात पडलेल्या एका पंजाबी राजपुताने १९१५ च्या जानेवारीत नातलगाला सरळच लिहिलं की हे युद्ध समजू नका, हा जगाचा अंत आहे; महाभारतात सांगितलं तसंच हे आहे. भावांना लिहिलेल्या पत्रांत तर धडधडीत सांगितलेलं सापडतं: तू भरती होऊ नकोस, धाकट्यालाही होऊ देऊ नकोस.

हे असं लिहिणारा तोच मुलगा वडिलांना वेगळं लिहितो, असा माझा समज हळूहळू पक्का होत गेला. भावाला सांगायचं ते एक आणि आईच्या कानावर जायचं ते एक. लपवाछपवी म्हणून मी त्याकडे बघत नाही. मुलगा दूर गेला की आई-वडिलांशी त्याचं नातं थोडं उलटतं. आता त्यांना जपायचं काम त्याच्याकडे येतं, आणि त्याच्या हातात शब्दांखेरीज दुसरं साधन नसतं. माझे आई-वडील कऱ्हाडजवळ असतात. पहिल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून माझं मनगट मोडलं होतं, ते त्यांना प्लास्टर निघाल्यावर कळलं. फोनवर मी त्या दिवसांत इथल्या सफरचंदांच्या भावाबद्दल बोलत होतो.

पण या सैनिकांत आणि बकम सिंगमध्ये एक मोठा फरक होता. फ्रान्समधला शीख शिपाई शीख पलटणीत होता. भोवती आपली भाषा, आपलं अन्न, ग्रंथसाहिब, पत्र लिहून देणारा गाववाला. बकम सिंग विसाव्या बटालियनमध्ये ओंटारियोच्या पोरांत होता. कॅनडाच्या फौजेत शिपायांची पत्रं त्यांचा तुकडीचा अधिकारी तपासायचा. गुरुमुखीत लिहिलेलं पत्र तो काय तपासणार! हॉवेलच्या कचेरीत आठवड्याला शंभरेक पत्रं उतरवून घेतली गेली, कारण ती हिंदी फौजेची होती. कॅनडाच्या फौजेतला हिंदी माणूस त्या चाळणीतून गेलाच नाही. त्याला दुसऱ्या पिशवीत टाकलेलं होतं.

पगाराचीही गोष्ट बघा. हिंदी शिपायाला महिना ११ रुपये. कॅनडाच्या साध्या शिपायाला भत्ता धरून दिवसाला एक डॉलर दहा सेंट, म्हणजे त्या वेळच्या भावाने महिन्याला शंभरेक रुपये. एकाच गावचे दोघे, एकाच चिखलात उभे, एकाच शत्रूपुढे, आणि एकाची मनीऑर्डर दुसऱ्याच्या नऊपट भरेल इतकी. त्या शंभर रुपयांसाठी माणसं सातासमुद्रापार गेली होती. पंजाबच्या दोआब्यात जमिनीचे तुकडे पडत चालले होते, कर्ज वाढत होतं, एक मुलगा बाहेर गेला की बाकीच्यांची जमीन सुटायची. कोकणात मुंबईच्या चाकरमान्याच्या पैशावर घरं उभी राहिली, तशी होशियारपूर-जालंधरकडची कित्येक घरं व्हँकूवरच्या लाकूड गिरण्यांवर उभी राहिली.

आणि ज्या देशासाठी तो लढायला निघाला, त्या देशाने त्याच्याशी काय केलं होतं? तो आला त्याच वर्षी, १९०७ मध्ये, ब्रिटिश कोलंबियाने हिंदी माणसांचा मताचा हक्क काढून घेतला. त्याच सप्टेंबरात व्हँकूवरला आशियाई लोकांविरुद्ध दंगल झाली. पुढच्या जानेवारीत हुकूम निघाला की मायदेशातून थेट, वाटेत न थांबता आलेल्यालाच कॅनडात उतरता येईल. हिंदुस्थानातून थेट येणारी बोट नव्हतीच. शिवाय जवळ २०० डॉलर असल्याचं दाखवायला हवं. हुकुमात हिंदी लोकांचं नाव कुठेही नव्हतं, आणि बंदी मुख्यतः त्यांच्यावर पडली. त्यामुळे आधीच आलेल्या पुरुषांच्या बायका तिकडेच राहिल्या. प्रीतम कौर त्यातली एक.

१९१४ च्या २३ मे रोजी कोमागाटा मारू ही बोट ३७६ उतारू घेऊन व्हँकूवरच्या खाडीत आली. दोन महिने तिला धक्क्याला लागू दिलं नाही, आणि २३ जुलैला तिला हाकलून दिलं. त्यानंतर बाराच दिवसांनी युद्ध जाहीर झालं. सप्टेंबरच्या २६ तारखेला मार्सेय बंदरात हिंदी फौज उतरली तेव्हा फ्रेंच लोकांनी तिच्यावर फुलं टाकली. तीन दिवसांनी कोलकात्याजवळ बजबज इथे त्या परत आलेल्या बोटीवरच्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसेक माणसं मेली. एकाच आठवड्यात हे दोन्ही. दोन्हीकडे पंजाबी शेतकरी.

कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कित्येक हिंदी मजुरांनी यातून एकच अर्थ काढला आणि ते गदर पक्षात गेले, इंग्रजांविरुद्ध उठाव करायला मायदेशी परतले. त्यात आपला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे होता, अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला. १९१५ च्या मार्चमध्ये मेरठच्या छावणीत तो बॉम्बसह पकडला गेला आणि नोव्हेंबरात कर्तारसिंग सराभाबरोबर लाहोरच्या तुरुंगात फाशी गेला. पिंगळे पकडला गेला त्याच वसंतात बकम सिंग कॅनडाच्या फौजेत भरती झाला. वयाने काही वर्षं मोठा असलेला पिंगळे आणि हा रोझबँकचा गडी, दोघांनाही आपण बरोबरच करतोय असं वाटलं असणार. बकमला भ्याड किंवा भाबडा ठरवणारी टीका मी वाचली आहे. ती मला पटत नाही. ज्या देशात त्याला मत नव्हतं, बायको आणता येत नव्हती, तिथे समान पगारावर, समान गणवेशात, गोऱ्यांच्या रांगेत उभं राहणं ही त्याने केलेली एक मागणीच होती. ती त्याने अर्जावर लिहिली नाही, कारण अर्जावर तसा रकाना नव्हता.

याबद्दल त्याने वडिलांना काय कळवलं असेल? पगडीबद्दल काही लिहिलं असेल का? पहिल्यांदा जखमी झाल्यावर कळवलं असेल, की दुसऱ्यांदा जखमी होऊन पलंगावर पडल्यावर, की कधीच नाही? मला वाटतं त्याने गव्हाबद्दल विचारलं असेल. ओंटारियोत शेतं कापणीला येतात तेव्हा तिकडे पाऊस लागलेला असतो, हे त्याला सारखं आठवत असेल. आठ वर्षांत तो घरी गेला नव्हता आणि चौदाव्या वर्षी सोडलेल्या घरातल्या माणसांचे आवाज त्याच्या कानात त्याच वयात थांबलेले असतील.

साताऱ्याकडच्या माणसाला हे सगळं परकं वाटायला नको. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, आणि इंग्रज सरकारने गावात त्यांचं स्मारक बसवलं. त्या युद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. आत बिनतारी संदेश आणि शेवटी शेवटी विमानांतून टाकलेलं थोडंसं सामान, याखेरीज काही जात नव्हतं. उपासमार इतकी की घोडे मारून खावे लागले, आणि आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घेतलं नाही. शरण आलेल्यांपैकी हजारो पुढे तुर्कांच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत मेले. त्या महिन्यांत वाई-पाटणकडच्या घरांत टपालाच्या दिवशी काय होत असेल? लिहिता न येणाऱ्या बाईला पत्र आलं नाही एवढं तर कळत होतंच. त्या घरांतल्या फळीवरच्या डब्यांत, देव्हाऱ्यामागे, जुन्या सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यांत एखादं मोडीतलं कार्ड अजून असेल, असं मला मनापासून वाटतं. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या नातवंडांनी आपल्या पेट्या उघडल्या, म्हणून मला त्यांच्या आज्यांचे मोजे माहीत आहेत.

ज्या गावात बकम सिंग मेला, त्या गावाचीही एक गोष्ट आहे. किचनरचं जुनं नाव बर्लिन. जर्मन शेतकऱ्यांनी वसवलेलं, जर्मन बोलणारं, बागेत जर्मन सम्राट कैसरचा अर्धपुतळा असलेलं. युद्ध सुरू झाल्यावर तो पुतळा तळ्यात फेकला गेला, जर्मन नावांच्या लोकांकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं, शत्रुदेशाशी पत्रव्यवहार बंद झाला, आणि १ सप्टेंबर १९१६ ला नावच बदललं. नवं नाव लॉर्ड किचनरचं. आपल्या मराठा पलटणींना १०३, ११०, ११७ हे आकडे मिळाले ते याच किचनरने १९०३ मध्ये हिंदी फौजेची नव्याने मांडणी केली तेव्हा. जखमी हिंदी शिपायांना ठेवलं होतं त्या ब्रायटनच्या एका इस्पितळालाही त्याचंच नाव होतं. आणि ज्या शहराने आपल्या इथल्या जर्मन म्हाताऱ्यांचं त्यांच्या गावांशी बोलणं तुटताना पाहिलं, तिथेच माहिलपूरचा हा मुलगा क्षयाने खोकत पडला.

१९१९ चं ते वर्ष. १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला, पंजाबात लष्करी कायदा लागू झाला. फ्लँडर्सहून परतलेले शिपाई त्यांच्याच गावांत चाबकाखाली, कर्फ्यूखाली आले. फ्रीपोर्टच्या इस्पितळातल्या माणसापर्यंत त्या बातम्या वर्तमानपत्रातून आल्या असतील, घरच्या पत्रातून येणं अवघडच होतं. त्याच वर्षी कॅनडा सरकारने आणखी एक हुकूम काढला. युद्धातल्या हिंदी सैनिकांच्या कामगिरीनंतर साम्राज्याच्या बैठकीत ठराव झाला होता, त्याला धरून इथे राहणाऱ्या हिंदी माणसांना आपल्या बायका आणि अज्ञान मुलं आणायला मुभा मिळाली. बकम आणि प्रीतम कौरच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. ही बातमी त्याला कळली असेल आणि ती त्याने माहिलपूरला कळवली असेल, तर त्या एका पत्रात तरी खोडण्यासारखं काही नसेल. २७ ऑगस्टला तो गेला. सव्विसावं वर्ष चालू होतं.